दारावरची फुली

शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढून दादा वळला, तरी ताई उभीच.

“बस की,” तो म्हणाला. “पिक्चर आहे, परीक्षा नाही.”

“तुझ्या दुकानात बसायचं म्हणजे आधी खुर्ची झटकावी लागते. मागच्या खेपेला काचेचा कण टोचला तो आठ दिवस निघाला नव्हता.”

वहिनीनं न बोलता फडकं आणून दिलं. ताईनं आपली खुर्ची पुसली, शेजारची पुसली, ज्यावर कुणीच बसणार नव्हतं ते स्टूलही पुसलं. हातात फडकं आलं की नणंदेचा निम्मा राग उतरतो, हे वहिनीला पस्तीस वर्षांच्या अनुभवानं पाठ झालं होतं. आज मात्र तो उतरायचं नाव घेईना.

रविवारची दुपार होती. काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोड्यांमधून वाट काढत धाकटीनं भिंतीवर पांढरी चादर ताणली होती आणि दादाच्या काच कापायच्या टेबलावर प्रोजेक्टर मांडला होता. पंचावन्न वर्षांची बाई, चार पिक्चर नावावर, आणि भावंडांसमोर बसायची वेळ आली तर प्रोजेक्टरची वायर तीनतीनदा तपासत होती. कारण ती शब्द देऊन बसली होती. दोन वर्षांपूर्वी दोघांकडून लहानपणच्या गोष्टी काढून घेताना ती म्हणाली होती, ‘तुमच्यातलं कुणीही नको म्हणालं तर तो प्रसंग मी ठेवणार नाही.’ उद्या सकाळी स्टुडिओत आवाजांची शेवटची जुळणी होती. त्यानंतर पिक्चरमधला एक श्वाससुद्धा इकडचा तिकडे होणार नव्हता. नको म्हणायला आजची दुपार तेवढी उरली होती.

पिक्चर त्या तिघांचाच होता. काचा बसवणाऱ्या कारागिराची तीन मुलं, युद्ध सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने. तेव्हा ताई बारा वर्षांची, दादा नऊ आणि धाकटी पाच. घरावर एवढं मोठं वर्ष येऊन गेलं आणि आपल्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, हे धाकटीचं जन्माचं दुखणं. दुसऱ्यांच्या आठवणी उसन्या घेऊन तिनं दोन तास उभे केले होते.

“लाव आता,” दादा म्हणाला. “चौकशी, तू पुढे ये.”

चौकशी म्हणजे दादाची नात. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, पण घरात हेच चालायचं, कारण तिचे प्रश्न संपल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पिक्चरमध्ये ती ताई झाली होती, बारा वर्षांची ताई. शूटिंगच्या एकवीस दिवसांत तिनं कॅमेरावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. ताई एकदाही तिकडे फिरकली नव्हती. ‘मला स्वतःला बघायला आरसा आहे घरात,’ एवढंच म्हणाली होती.

चादरीवर जुनं घर उजळलं. स्वयंपाकघर, रेडिओ, मागचं काचेचं दार. तीन मुलं खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतायत आणि निम्मी खळ एकमेकांच्या केसांना लावतायत.

“युद्ध म्हणजे शाळेला किती दिवस सुट्टी?” पिक्चरमधला छोटा दादा विचारत होता.

“हे तू खरंच विचारलंस?” वहिनी हसली.

“विचारलं आणि मारही खाल्ला,” दादा म्हणाला. खुशीत होता. हे सगळं त्यानंच सांगितलेलं, आणि आता तेच भिंतीवर हलताना बघून त्याला आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं.

मुलं गच्चीवर विमानं मोजायला गेली. सरावाची तोफ धडाडली, आणि त्या आवाजानं दुकानातल्या खऱ्या काचा घोड्यांवर किणकिणायला लागल्या. पन्नास-साठ काचा एकदम. ताई दचकली.

“काही होत नाही,” दादा म्हणाला, “घोडे पक्के आहेत.” तरी उठून एका घोड्यावर हात ठेवून आला.

मग भांडण आलं. दादा खुर्चीत पुढे सरकला. पुलापलीकडच्या गावात तोफांच्या सरावानं इस्पितळाच्या खिडक्या फुटल्या होत्या, नव्या काचा बसवायचं काम बाबांनी घेतलं होतं आणि ते अर्धं व्हायचं होतं. रेडिओवरच्या बातम्या दिवसेंदिवस वाईट. चादरीवर आई चुलीकडे तोंड करून उभी होती, कॅमेऱ्याला पाठमोरी. बाबा दारात, खांद्याला अवजारांची पिशवी.

“जा ना मग!” पाठमोरी आई म्हणाली. “काम अर्धवट टाकून घरात बसलात तर लोक काय म्हणतील?”

दादाचा जबडा आवळला. वहिनीनं मान न वळवता ते ओळखलं. हे वाक्य ती लग्नापासून ऐकत आली होती. नऊ वर्षांच्या पोरानं सकाळी न्याहारी करताकरता ऐकलेलं. बाबा त्या दिवशी गेले, शुक्रवारी युद्ध सुरू झालं, त्याच संध्याकाळी पूल पडला आणि बाबांचं पुढे काहीच कळलं नाही. आईनं त्यांना घालवलं, हे दादानं तेव्हाच ठरवून टाकलं. अठराव्या वर्षी त्यानं घर सोडलं. नंतर आईकडे जायचा ते उभ्या उभ्या, चहाचा कप दारातच संपवायचा. आई शेवटची आजारी पडली तेव्हा औषधं पाठवली, स्वतः गेला तो दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा उशीर झालेला होता. त्या घरातून त्यानं एकच वस्तू आणली होती.

चादरीवर आता तीच वस्तू होती. मागच्या दाराला नवी काच बसवून बाबांनी तिच्यावर चुन्याची फुली काढली. नवी काच इतकी स्वच्छ असते की माणूस चालता चालता तिच्यावर आपटतो, म्हणून कारागीर फुली मारून ठेवतात. काच धरून ठेवणारी लांबी वाळली की फुली पुसायची. त्यांच्या घरात यावर आणखी एक नियम होता, ज्यानं काच बसवली त्यानंच फुली पुसायची.

पिक्चरमधले बाबा फुली काढायला गुडघ्यांवर बसले. छोटी ताई, म्हणजे चौकशी, समोर उभी.

“शनिवारी येऊन मी पुसणार,” बाबा म्हणाले. “तोवर कुणी हात लावायचा नाही.”

“थांबव,” ताई म्हणाली.

धाकटीनं थांबवलं. बाबा गुडघ्यांवरच राहिले.

“हा प्रसंग काढ.”

“ताई, हा शेवट आहे पिक्चरचा! पुढे फक्त ती फुली दिसत राहते. आईनं जपलेली. त्याशिवाय काही अर्थच उरत नाही.”

“तू शब्द दिला होतास.”

“पण हे तूच सांगितलंस ना मला? बाबांचं वाक्य तुझंच आहे, शब्दन् शब्द.”

“सांगितलं असेल. आता काढ म्हणते.”

“कारण काय?” दादा मधे पडला. “अख्ख्या पिक्चरमध्ये बाबांना एक धड प्रसंग दिलाय हिनं, तोही तुला बघवत नाही? मी नाही काढू देणार.”

“तुझ्या परवानगीचा प्रश्न नाहीये. दोघांपैकी एकानं नको म्हटलं तरी पुरे, असं ठरलंय.”

“एवढं म्हणतायत तर काढा,” वहिनी म्हणाली. दादानं डोळे वटारले. ती काही डगमगली नाही. “माझ्याकडे काय बघता? आजवर कधी काही मागितलंय त्यांनी?”

दादा आणि धाकटी एका बाजूला, ताई आणि वहिनी एका बाजूला. अशी वाटणी या घरात पूर्वी कधी झाली नव्हती. वहिनीला स्वतःलाच त्याची गंमत वाटली.

“मी एक विचारू?” चौकशी म्हणाली.

“नको,” तीन आवाज एकदम आले. चौथा, ताईचा, आला नाही.

“बाबांनी गुडघे का टेकले?” तिनं विचारलंच. “म्हणजे ते काम करणारे काका खूप उंच होते. शूटिंगला त्यांचे गुडघे दुखले. मी विचारलं, उभ्यानं का नाही काढत? तर ते म्हणाले, फुली इथेच पाहिजे, मापं घेतलीत.”

“मापं तुझ्याच आजोबांनी दिली,” धाकटी म्हणाली. “दाराची पण आणि काचेची पण. मला ते छान वाटलं. मुलीशी बोलायला बाप खाली वाकतो, तसं.”

“छान दिसतं,” दादा म्हणाला, “पण चूक आहे. काच बसवणारा माणूस फुली डोळ्यांसमोर काढतो. आपटणारी माणसं मोठी असतात. गुडघ्यावर बसून कोण काढेल?”

“मग मापं चुकली?”

“माझी मापं चुकत नाहीत.”

हे बोलून झालं, आणि मग दादा गप्प बसला. चौकशी त्याच्याकडे बघत राहिली. आजोबा गप्प बसले की काहीतरी सापडलंय, हे तिला ठाऊक होतं.

ती काच दुकानात, टेबलामागेच होती. दादानं चुन्यावर दुसरी काच चढवून ती बंद केली होती आणि तिच्यासाठी खास लाकडी ओटा बनवला होता. फुली पिवळी पडली होती, एका टोकाला ओघळलेली. गिऱ्हाईकं विचारायची, दादा सांगायचा, ‘वडिलांच्या हातची.’ त्यानं ओटा असा बेतला होता की फुली नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर यावी. कारण त्याच्या आठवणीत ती तशीच होती, डोळ्यांसमोर. आणि ती आठवण नऊ वर्षांच्या मुलाची आहे, हे त्याच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या खिडक्या मोजणाऱ्या माणसाच्या!

“दाराची खालची फळी दोन फुटांची होती,” तो हळूच म्हणाला. “मीच रंगवायचो.”

“मोठ्या आजीनं पुसलेलं ते स्टूल दोन फुटांचं आहे,” चौकशी म्हणाली.

“ठेवा ती काच जागेवर,” ताई म्हणाली. “पडेल.”

पण दादानं आणि वहिनीनं दोन बाजूंनी काच उचलली होती. स्टुलावर टेकवली. चौकशी समोर जाऊन उभी राहिली. फुलीचा मध्य बरोबर तिच्या नाकासमोर आला.

“मी सहज हात पुढे केला तर इथेच येतो,” ती म्हणाली आणि हवेत फुली काढून दाखवली. हात चुन्याच्या रेघेवरून अचूक फिरला. “हे माझ्याएवढ्या कुणीतरी काढलंय.”

धाकटीच्या मनात आलं की हे कॅमेऱ्यात असायला हवं होतं. मग तिची तिलाच लाज वाटली.

“ताई?” दादा म्हणाला.

ताईच्या मांडीवर अजून ते फडकं होतं. तिनं त्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. पन्नास वर्षं हे सांगायचं कसं याची तिनं वाक्यं बनवली होती. आईला सांगायची वेगळी, दादाला सांगायची वेगळी. आता त्यातलं एकही हाताशी नव्हतं.

“बाबांची मी पुसली,” ती म्हणाली. “ही माझी आहे.”

“पुसली? का?”

“त्यांनी सांगितलं होतं म्हणून. धाकटे, तुझ्या पिक्चरमध्ये क्रम चुकलाय. आधी दार झालं, मग स्वयंपाकघर. सकाळी सकाळी त्यांनी काच बसवली. मी लांबी मळून देत होते. फुली काढली, उभ्यानं, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. आणि म्हणाले, शनिवारी अंगठ्याचं नख दाबून बघ. लांबीत खूण उठली नाही तर तू पूस. मी म्हटलं, नियम आहे ना, तुम्ही पुसायची. तर म्हणाले, मी नसेन बहुतेक. हा पूल आठवडाभरही राहणार नाही, मला पुलावरच्या शिपायानं सांगितलंय.”

वहिनीनं एका हातानं काच सावरून धरली होती.

“मग गेले कशाला?” दादाचा आवाज चढला. “माहीत होतं तर गेले कशाला?”

“हेच विचारलं मी. म्हणाले, सव्वीस खिडक्या उघड्या आहेत, आत आजारी माणसं थंडीत पडलीत. त्या बसवून होईपर्यंत मी तिकडेच राहीन. मग म्हणाले, आईला बोलू नकोस, ती जाऊ द्यायची नाही.” ताई थांबली. “बारा वर्षांची होते रे मी. मला वाटलं, केवढं मोठं काम दिलंय मला. मिरवत होते मनातल्या मनात.”

“आणि शनिवारी?”

“पूल पडलेला. आई पाव आणायला रांगेत उभी. मी नख दाबलं, खूण उठली नाही. स्टुलावर चढून पुसली. काच लख्ख झाली. आणि तेव्हा मला कळलं, की आई येऊन दार बघेल आणि विचारेल, तुला कुणी सांगितलं पुसायला. तिची पावलं वाजली. तेवढ्यात चुना घेतला आणि हात सहज पोचेल तिथे काढली. स्टुलावर चढायला वेळ नव्हता.”

“म्हणजे आई पंचवीस वर्षं...” धाकटी काचेकडे बघत म्हणाली.

“हो. त्या दाराच्या काचेला तिनं कधी फडकंसुद्धा लावू दिलं नाही. येतील आणि पुसतील म्हणायची.”

दादा खुर्चीत बसला. बसला म्हणजे खुर्ची सापडली म्हणून बसला. त्याला ताईवर ओरडायचं होतं. एक वाक्य, फक्त एक वाक्य तू मला सांगितलं असतंस, तर मी आईच्या घरी बसून चहा प्यायलो असतो. हे त्याच्या तोंडापर्यंत आलं. ताईकडे बघून त्यानं ते गिळलं, कारण तिला ते आधीच ऐकू आलेलं दिसत होतं.

“सांगायचं होतं मला,” ती म्हणाली. “तू घर सोडलंस त्या दिवशी तर दारापर्यंत आले होते तुझ्यामागे. पण तुला सांगितलं तर आईलाही कळणार. आणि तिच्याकडे ती फुली सोडून दुसरं होतं काय? मला वाटायचं, आई असेतो नको. आणि आई गेल्यावर वाटलं, आता कुणासाठी सांगू?”

चौकशी अजून काचेजवळच होती. तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं.

“मोठी आजी, पण तुझ्या आईंना कळलं नाही? काचवाल्याची बायको ना त्या. एवढी खाली फुली?”

या प्रश्नाला कुणी ‘नको’ म्हणालं नाही.

ताईनं फडकं बाजूला ठेवलं. “एकदा म्हणाली होती. मी लग्न होऊन निघाले त्या सकाळी. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. म्हणाली, ‘इतकी खाली कशी गं काढली त्यांनी?’ मी काही बोलायच्या आत तिचीच ती म्हणाली, ‘वाकून काढली असेल.’ आणि माझे केस नीट केले.”

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. “कळलं होतं त्यांना,” ती म्हणाली. “सगळं कळलं होतं.”

आपण उभ्या उभ्या चहा प्यायचो तेव्हा आई समोर उभी असायची, हे दादाला आठवत होतं. ती कधीच म्हणाली नाही की बाळा, माझ्यावर का राग धरतोस. एक वाक्य तिच्याकडेही होतं. ते बोलली असती तर मुलीचं बिंग फुटलं असतं, म्हणून ती पंचवीस वर्षं मुलाचा राग सोसत राहिली. दादाला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

धाकटीनं प्रोजेक्टर बंद केला. “काढते मी तो प्रसंग,” ती म्हणाली. “दोन्ही काढते. भांडणही.”

“भांडण नको काढू,” दादा म्हणाला. त्यानं नाक पुसलं. “ते अर्धं आहे. मी तुला अर्धंच सांगितलं होतं.”

“म्हणजे?”

“आई ते ‘जा ना मग’ म्हणाली, त्याच्या आधी एक बोलली होती. मी ऐकलं होतं. तेव्हा वाटलं, त्यानं काय फरक पडतो.” तो खाली बघत होता. “तिनं आधी विचारलं होतं. बाबा हो म्हणाले, म्हणून मग ती म्हणाली, जा.”

“काय विचारलं होतं?”

“आई पाठमोरी आहे ना त्यात? मग आवाज घालता येईल ना उद्या?”

“येईल. त्या बाईंना बोलावते मी सकाळी. पण कसं विचारलं ते मला कळायला हवं.” धाकटीनं पिशवीतून छोटा रेकॉर्डर काढला. “म्हणून दाखव.”

दादानं आईची नक्कल आयुष्यात पुष्कळदा केली होती, ते एकच वाक्य, दात ओठ खाऊन. हे दुसरं त्यानं कधी उच्चारलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला. मग तो चुलीकडे तोंड केल्यासारखा भिंतीकडे वळला, आणि साठीच्या त्या जाड, काचकामानं खरखरलेल्या गळ्यातून एक बाई भीत भीत बोलली.

“अहो, पूल राहील ना?”

रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. चौकशीनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

ताई उठून दादाच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या सकाळी ती बाबांच्या शेजारीच उभी होती, लांबीनं माखलेले हात मागे धरून. उत्तर तिनंही ऐकलं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या स्वयंपाकघरात बाबांशिवाय फक्त तिलाच माहीत होतं.

“राहील,” ती म्हणाली.